तुमचं नाव कोणत्या रकान्यात आहे?
सातबारा, वारस नोंद आणि जमिनीची नोंदणी : बैठकीत विचारलेले प्रश्न



ग्रामसंघाच्या बैठकांना फिरताना एक गोष्ट नेहमी घडते. बचत जमा होते, कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब होतो, रजिस्टरवर सह्या होतात, चहा येतो. मग एखादी ताई हळूच जवळ येऊन बसते आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढते. "मॅडम, जरा बघता का, यात माझं नाव आहे का?" तो कागद बहुतेक वेळा सातबारा असतो.

मी वकील नाही. समाजकार्याची पदवी घेतली तेव्हा सातबारा वाचायला मला कोणी शिकवलं नव्हतं. मी शिकले ते माझ्या आईच्या सातबाऱ्यावरून. वडील गेले तेव्हा मी अकरावीत होते. वारस नोंद झाली, आईला वाटलं आपलं नाव लागलं. पुढे काही वर्षांनी अतिवृष्टीचं अनुदान आलं ते सगळं मोठ्या भावाच्या खात्यावर. तेव्हा उतारा नीट उघडून पाहिला. खातेदार म्हणून एकट्या भावाचं नाव होतं. आईचं आणि माझं नाव खाली "इतर हक्क" या रकान्यात होतं. भावाने मुद्दाम काही केलं नव्हतं. त्यालाही माहीत नव्हतं. त्या वेळी कार्यालयात "बायकांची नावं अशीच लावतात" म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी मान हलवली होती.

म्हणून या अंकातला पाठ जमिनीच्या कागदांवर आहे. लक्षात ठेवायची गोष्ट एकच : हक्क कायद्याने आपोआप येतो, पण नोंद आपोआप येत नाही. ती मागावी लागते, आणि झाल्यावर वाचून बघावी लागते.

आधी तीन कागद ओळखू या

सातबारा : हा दोन नमुन्यांचा जोड-कागद आहे. वरचा भाग गाव नमुना ७. यात गट नंबर, क्षेत्र, खातेदारांची नावं आणि इतर हक्क असतात. खालचा भाग गाव नमुना १२. यात कोणत्या हंगामात कोणतं पीक होतं ते असतं.

आठ अ : एका गावात एका खातेदाराच्या नावे किती गट आहेत आणि त्यांचा शेतसारा किती, हे या एका कागदावर कळतं. सातबारा एका गटाचा असतो, आठ अ पूर्ण खात्याचा.

फेरफार : हा गाव नमुना ६. जमिनीवरचं नाव कधी, कशामुळे बदललं याची ही नोंदवही. सातबाऱ्यावर नावाच्या जवळ जो छोटा आकडा दिसतो तो फेरफार क्रमांक. आपलं नाव कसं आलं किंवा कसं गेलं, हे शोधायचं असेल तर तो क्रमांक सांगून फेरफाराची नक्कल मागायची.

क्षेत्र हेक्टर-आर मध्ये लिहिलेलं असतं. १०० आर म्हणजे १ हेक्टर, म्हणजे साधारण अडीच एकर. १ आर म्हणजे जवळपास १ गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा १ एकर. सातबाऱ्यावर ०.८० दिसलं तर ते ८० आर, म्हणजे दोन एकराच्या आसपास.

उतारा कुठे मिळतो? तलाठी कार्यालयात (तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे), सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात. शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपयांत निघतो आणि तो सगळ्या सरकारी कामाला चालतो. मोबाईलवर फुकट दिसणारा उतारा फक्त बघायला असतो, कामाला तो लावू नका.

आता तुमचे प्रश्न.

सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणजे मी मालक झाले का?

सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. त्यावरची नोंद, चुकीची आहे असं सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. पण मालकी मूळ येते ती वारसा, वाटणी, खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र यांतून. म्हणून दोन्ही बाजू लक्षात ठेवा. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क संपला असं होत नाही. पण नाव नसेल तर पीक कर्ज, नुकसानीचं अनुदान, पीएम-किसान, शेतकरी ओळख क्रमांक या प्रत्येक ठिकाणी आपण शेतकरी म्हणून मोजल्या जात नाही. शेतात राबतो आपण, आणि कागदावर मात्र आपण कोणीच नसतो.

माझं नाव आहे, पण "इतर हक्क" मध्ये. चालतं का?

नाही. ही चूक मी बऱ्याच उताऱ्यांवर पाहिली आहे. खातेदाराच्या रकान्याला जुन्या भाषेत कब्जेदार सदर म्हणतात. मुलांची नावं तिथे आणि आईची, बहिणींची नावं इतर हक्कात, अशी पद्धत पूर्वी बरीच चालली. इतर हक्कात साधारणपणे बँकेचा बोजा, विहिरीचा हिस्सा, कूळ अशा नोंदी असतात. वारस म्हणून तुमचा हिस्सा आहे, तर नाव खातेदारांमध्येच हवं.

दुरुस्तीसाठी ज्या फेरफाराने नाव तिथे गेलं त्याची नक्कल काढा आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज करा. लिहिताना झालेली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली ती दुरुस्त करता येते. सगळे वारस संमती देत असतील तर काम सोपं होतं. फेरफाराचा निर्णयच चुकीचा असेल तर प्रांतांकडे अपील करावं लागतं. त्याची मुदत ६० दिवसांची आहे. मुदत उलटली असेल तर उशिराचं कारण देऊन विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत जोडतात.

नवरा वारल्यावर नाव आपोआप लागतं का?

नाही. वारस नोंदीचा अर्ज द्यावा लागतो. कायद्यात हक्क मिळाल्याची माहिती तीन महिन्यांत तलाठ्यांना द्यावी असं म्हटलं आहे. पण दहा वर्षं उशीर झाला असला तरी हक्क जात नाही. आजही अर्ज करता येतो.

कागद हे लागतात :
१. मृत्यूचा दाखला
२. सातबारा आणि आठ अ
३. सगळ्या वारसांची नावं, वय, नातं, पत्ते आणि फोन नंबर
४. वारसांबाबत प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र
५. सरपंच, पोलीस पाटील किंवा ग्रामसेवक यांचा दाखला
६. आधार व रहिवासाचा पुरावा

अर्ज तलाठी कार्यालयात देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन भरता येतो. चौकशी होऊन वारसांची नोंद नमुना ६क मध्ये होते. मग फेरफार लिहिला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस देतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी, म्हणजे आपले सर्कल, फेरफार मंजूर करतात. त्यानंतरच सातबारा बदलतो. शासनाने १ एप्रिल २०२५ पासून "जिवंत सातबारा" ही मोहीम राज्यभर घेतली, ती याचसाठी : मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला.

इथे एक सावधगिरी. अर्जात वारसांची यादी कोण लिहितंय ते बघा. घरातला एखादा पुरुष "मी करतो सगळं" म्हणून अर्ज घेऊन जातो आणि यादीत मुलींची नावं राहतात. यादीत प्रत्येक मुलीचं नाव हवं, लग्न झालेलं असो वा नसो.

वाटा किती?

हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे सांगते. जमीन नवऱ्याने स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. सगळ्यांना सारखा वाटा. समजा तीन एकर जमीन आहे, म्हणजे १२० गुंठे. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि सासूबाई आहेत. चार वारस, प्रत्येकाला ३० गुंठे. मुलाला जास्त, मुलीला कमी असं काही नाही.

जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब थोडा वेगळा होतो, कारण त्यात मुलामुलींचा हिस्सा जन्मापासूनच असतो. तो हिशेब वकिलाकडून करून घ्या. मुस्लिम आणि ख्रिश्चन भगिनींना त्यांचे वेगळे वारसा कायदे आहेत. वाट्याचं प्रमाण वेगळं असतं. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही, म्हणून आदिवासी भगिनींनी विधी सेवा समितीत आधी विचारून घ्यावं.

जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे, नवरा वारले, सासरे हयात आहेत. मग?

जमीन सासऱ्यांनी स्वतः घेतलेली असेल तर ते हयात असेपर्यंत वारस नोंदीचा प्रश्न येत नाही. पण पुढे सासरे मृत्युपत्र न करता गेले, तर तुमच्या नवऱ्याच्या वाट्याला जे आलं असतं ते तुम्हाला आणि मुलांना मिळतं. "मुलगाच नाही राहिला, आता सुनेचा काय संबंध?" असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याच्या हिश्श्याची मागणी आजही करता येते.

सातबाऱ्यावर एकट्या दिरांचं नाव आहे, पुढे "ए.कु.क." लिहिलंय.

ए.कु.क. म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. कुठे ए.कु.मॅ. किंवा ए.कु.पु. असंही लिहितात. याचा अर्थ जमीन एकट्या दिरांची नाही, ते सगळ्यांच्या वतीने नाव लावून आहेत. जुना फेरफार काढला की बाकी भावांची नावं त्यात सापडतात. ती नक्कल जपून ठेवा. तीच तुमचा पुरावा. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे कलम ८५ खाली वाटणीचा अर्ज करता येतो. संमती नसेल तर दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा करावा लागतो.

माहेरहून फोन आला, "रजिस्ट्रीला ये, फक्त एक सही पाहिजे."

ताई, ही "फक्त एक सही" बहुतेक वेळा हक्कसोडपत्राची असते. म्हणून आधी विचारा : कागद कोणता आहे?

२००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क मिळाला. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयामार्फत झालेली वाटणी किंवा झालेली विक्री त्यामुळे मोडत नाही. आणि वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन असेल तर ते हयात असताना ती कोणाला द्यायची ते तेच ठरवतात.

लग्नात खर्च केला, दागिने घातले, म्हणून हक्क संपत नाही.

हक्कसोड करायचीच असेल तर ती दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावी लागते. साध्या स्टॅम्पवर, घरी बसून केलेली सही पुरेशी नसते. पण एकदा नोंदणी झाली की ती सहज मागे घेता येत नाही. त्यासाठी कोर्टातच जावं लागतं. म्हणून दस्त पूर्ण वाचून घ्या. वाचता येत नसेल तर आपल्या विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्या. अधिकाऱ्यासमोर "मला समजलं नाही" असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

मला माहीत आहे, हे लिहिणं सोपं आहे. हक्क मागितला तर माहेर तुटेल, दिवाळी-पंचमीला कोण बोलावणार, ही भीती खरी आहे. कोणी विचार करून, आनंदाने भावाला हिस्सा दिला तर त्यात चूक काही नाही. देणं आणि न सांगता काढून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मला म्हणायचं आहे.

नवरा हयात आहेत आणि माझं नाव लावायला तयार आहेत. काय करायचं?

असे नवरेही आहेत, आणि त्यांचं कौतुक करायला हवं. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या पुढाकाराने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. नवऱ्याने आपणहून बायकोच्या नावे जमीन करून तिच्या कष्टाचं ऋण मान्य करावं, हा तिचा विचार. पुढे १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढलं. नवऱ्याने तहसीलदारांकडे अर्ज केला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. जमीन भावाभावांत सामाईक असेल तर आधी वाटणी लागते. बँकेचा बोजा किंवा वाद असेल तर तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या.

मोठा फायदा असा की दोघांची नावं असली की एकट्याला जमीन परस्पर विकता येत नाही.

मी स्वतः जमीन विकत घेतेय. नोटरी केली तर चालेल का?

नाही. नोटरीने जमीन नावावर होत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावंच लागतं. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त तिथे सादर करायचा असतो. नोंदणी झाल्यावर सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, मागून घ्या.

पैसे देण्याआधी हे बघा :
१. सातबाऱ्यावरचे सगळे खातेदार विकायला तयार आहेत ना? एकानेच सही करून चालत नाही.
२. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २? वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही.
३. इतर हक्कात बँकेचा, सोसायटीचा बोजा आहे का?
४. मागचे फेरफार आणि नोंदणी कार्यालयातला शोध वकिलाकडून काढून घ्या. साधारण ३० वर्षांचा शोध घेतात.
५. शेतात उभं राहून बांध आणि चतुःसीमा बघा. शेजाऱ्यांना विचारा.

महाराष्ट्रात शेतजमीन घेणारी व्यक्ती शेतकरी असावी लागते. स्वतःच्या नावाचा सातबारा असेल तर हा पुरावा तुम्हाला लगेच देता येतो. नाव लावण्याचा हा आणखी एक उपयोग.

नोंदणी झाली म्हणजे काम संपलं असं नाही. हल्ली दस्ताची माहिती ऑनलाइन तलाठ्यांकडे जाते, पण फेरफार मंजूर झाला का, ते तुम्हीच बघा. "आपली चावडी" या संकेतस्थळावर फेरफाराच्या नोटिसा दिसतात. नोंदणीचं कार्यालय वेगळं, सातबाऱ्याचं वेगळं. दोन्हीकडे काम पूर्ण व्हायला हवं.

घराचं काय?

गावठाणातल्या घराचा सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. त्यावर पती-पत्नी दोघांची नावं लावता येतात. ग्रामसेवकांकडे अर्ज करा. पण नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन घराची मिळकत पत्रिका आणि सनद मिळते. तुमच्या गावात मोजणी होत असेल तेव्हा घरी राहा आणि नाव कोणाचं लिहिलं जातंय ते विचारा.

अर्जच घेत नाहीत, "पुढच्या आठवड्यात या" म्हणतात.

अर्ज नेहमी लेखी, दोन प्रतींत. एका प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. माहिती मिळाल्याची लेखी पोच लगेच द्यावी, असं कायद्यातच आहे. तरी घेतला नाही तर ऑनलाइन भरा किंवा तहसीलच्या आवक कक्षात द्या. वाद असेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. आणि एकट्या जाऊ नका. गटातल्या दोघी बरोबर असल्या की बोलायला धीर येतो.

पुढच्या बैठकीचा गृहपाठ

प्रत्येकीने घरच्या जमिनीचा ताजा सातबारा आणि घराचा नमुना ८ आणायचा. बोट ठेवून चार गोष्टी शोधायच्या : खातेदार कोण? माझं नाव कुठल्या रकान्यात? नावाजवळचा फेरफार क्रमांक कोणता? इतर हक्कात काय लिहिलंय? उत्तरं वहीत लिहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याशेजारी वाचता येणाऱ्या मैत्रिणीने बसायचं. कोणाच्या घरची गोष्ट बाहेर न्यायची नाही, हा नियम सगळ्यांनी पाळायचा.

माझ्या आईचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. भावाने संमती लिहून दिली. आईने आणि मी अर्ज केला, कार्यालयाच्या बऱ्याच चकरा झाल्या, एकदा कागद परतही आला. शेवटी मागच्या वर्षी खातेदारांत भावाच्या नावाखाली आईचं आणि माझं नाव आलं. आईने तो उतारा देवघराच्या फळीवर ठेवलाय. माझा हिस्सा ठेवायचा की भावाला द्यायचा, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण ठरवेन तेव्हा कागद वाचून ठरवेन.

तुम्हीही वाचा. बैठकीत भेटूच, सातबारा आणायला विसरू नका.

— तुमची क्षेत्र समन्वयक